आई-वडिलांचा कर्करोग पुढच्या टप्प्यात असल्यास शासकीय मदतीचा अर्ज कसा करावा

बायोप्सीच्या अहवालानंतर डॉक्टरांनी ‘चौथा टप्पा’ म्हटले की आता योजनेचा काय उपयोग, असे समजून अनेक घरे अर्जच करत नाहीत आणि आधी ठेव मोडतात. रोग कोणत्या टप्प्यात आहे यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील पात्रता ठरत नाही. रोग बरा करण्यासाठी नव्हे, तर तो आटोक्यात ठेवून वेदना कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या केमोथेरपी आणि रेडिएशनचाही योजनेत समावेश आहे.

आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून महाराष्ट्रातील शिधापत्रिकाधारक कुटुंबे तिच्यासाठी पात्र आहेत. 70 वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता मोफत उपचारांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते आधारवरून काढले जाते आणि वयही आधारवरचेच धरले जाते.

अर्ज अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णांना योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, करायचा असतो. शिधापत्रिका, रुग्णाचे आधार कार्ड, बायोप्सीचा अहवाल, स्कॅन आणि डॉक्टरांची उपचार-योजना सोबत न्यावी. शिधापत्रिकेवर ‘दत्तू’ आणि आधारवर ‘दत्तात्रय’ अशी तफावत असेल तर नोंदणी तिथेच अडते, म्हणून नावे आदल्या दिवशीच शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. शिधापत्रिका गावची आणि उपचार मुंबईत, असे असले तरी चालते. कागदपत्रे तपासून रुग्णालय योजनेकडे पूर्वमान्यतेची, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीची, मागणी पाठवते, आणि ती मंजूर झाल्यावर उपचार रोख पैसे न भरता होतात. योजना रोखरहित असल्यामुळे आधी भरलेली बिले नंतर परत मिळतील या भरवशावर खर्च करू नये. नोंदणी उपचारापूर्वीच करावी.

उपचार-योजना लिहून घेताना डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: या औषधाने रोग जाण्याची अपेक्षा आहे, की वडिलांना काही महिने बरे वाटावे म्हणून ते द्यायचे आहे? प्रश्न कठीण आहे, पण उत्तरावर कोणते उपचार मागायचे, केमोच्या किती फेऱ्या घ्यायच्या आणि त्रास कितपत सोसायचा हे ठरते. वडिलांना स्वतः जाणून घ्यायचे असेल तर त्या वेळी त्यांनाही सोबत बसवावे. वेदनाशमनासाठी पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) विभागाची चिठ्ठी त्याच भेटीत मागावी. ती शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवू नये.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1 लाख 60 हजार रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आधार, शिधापत्रिका, वैद्यकीय अहवाल आणि उपचाराच्या खर्चाचे अंदाजपत्रक लागते. खासगी रुग्णालयाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. मदत रुग्णाच्या नव्हे, रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, त्यामुळे ते रुग्णालय निधीकडे नोंदलेले आहे का, हे अर्जापूर्वी विचारावे. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो. घरातील एकाने त्याचे काम बायोप्सीच्या अहवालानंतर लगेच हाती घ्यावे.