घोडा पळाला की पळवला?

'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' व्याकरणाच्या दृष्टीने हे इंग्रजी वाक्य बिनचूक आहे. तरीही इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंसुद्धा पहिल्या वाचनात शेवटच्या शब्दाशी अडखळतात. टॉमस बेव्हर या भाषा-मानसशास्त्रज्ञाने १९७० साली ते उदाहरण म्हणून दिलं, आणि बिचारा घोडा तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत पडतोच आहे.

मेंदू वाक्य संपायची वाट बघत नाही. शब्द येईल तसा अर्थ लावत सुटतो. 'रेस्ड' दिसताच तो ठरवून टाकतो की हेच मुख्य क्रियापद, घोडा कोठारासमोरून धावला. मग 'फेल', म्हणजे 'पडला', येतं आणि त्याला वाक्यात जागाच उरलेली नसते. खरा अर्थ आहे, 'कोठारासमोरून पळवलेला घोडा पडला.' घोड्याची माहिती देणारं 'दॅट वॉज रेस्ड पास्ट द बार्न' हे गौण वाक्य होतं, त्यातलं 'दॅट वॉज' गाळलं गेलं. मराठीत 'पळवला' आणि 'पळवलेला' ही रूपं वेगळी, म्हणून अशी फसगत होत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे 'रेस्ड'च. त्याजागी 'रिडन' घाला, गोंधळ संपला. कारण 'राइड'चं साध्या भूतकाळाचं रूप 'रोड' आहे, 'रिडन' नव्हे.

शाळेत आपण केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यांच्या व्याख्या घोकतो. त्यापेक्षा वाक्याचा प्रकार ओळखायला काळ दाखवणारी क्रियापदं शोधावीत आणि प्रत्येकाचा कर्ता विचारावा, हे जास्त कामाचं. 'टू गो', नुसतं 'गोइंग' यांना काळ नसतो, ती सोडून द्यायची. 'शी सँग अँड डान्स्ड' यात क्रियापदं दोन, पण कर्ता एकच. म्हणून 'अँड' असूनही वाक्य केवलच. 'शी सँग अँड ही डान्स्ड' हे संयुक्त. 'शी सँग व्हेन ही डान्स्ड' हे मिश्र, कारण 'व्हेन'पासूनचा तुकडा एकटा उभा राहत नाही.

कर्त्याबाबत इंग्रजी भलतीच हट्टी. मराठीत 'आलो' म्हटलं की कोण आलं ते कळतं, कारण क्रियापदाचा प्रत्ययच सांगतो. इंग्रजीत 'केम' कुणाचंही असू शकतं, त्यामुळे कर्ता लागतोच. पावसालासुद्धा 'इट इज रेनिंग'. त्यातला 'इट' म्हणजे कोण, हे विचारू नये. आज्ञार्थी वाक्यात मात्र कर्ता दिसत नाही. तरी तो असतो, हे 'बिहेव युअरसेल्फ' वरून कळतं: 'यू' आत दडलेला नसता, तर तिथे 'युअरसेल्फ' आलाच नसता.