तापातली आकडी : लहान मुलांच्या आईवडिलांसाठी
(आमच्या औषध दुकानातर्फे, खानापूर तालुक्यातील ग्राहकांसाठी)

पावसाळा लागला की घरोघरी तापाची मुलं, आणि त्यांतल्या एखाद्याला तापात आकडी येते. डोळे फिरतात, दात आवळतात, हातपाय झटके देतात. बघणाऱ्याचा धीर सुटणारच. पण सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते, बहुतेकदा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते आणि साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही.

आधी घड्याळ बघा. मुलाला सपाट जागी कुशीवर निजवा, गळ्याजवळचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर १०८ ला फोन करा. जांबोटी-कणकुंबीकडून बेळगाव गाठायलाच किती वेळ जातो, हे आपण जाणताच. पहिलीच आकडी असेल तर थांबल्यावरही लगेच डॉक्टरांना दाखवा. एकाच बाजूला झटके, त्याच दिवशी दुसऱ्यांदा आकडी, मान ताठ, मूल नीट शुद्धीवर येत नाही, यांपैकी काही दिसलं तर ती साधी आकडी नव्हे, थेट मोठा दवाखाना.

‘परत येईल का हो?’ साधारण तीनातल्या एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येते. पहिली आकडी मूल वर्षाचं व्हायच्या आत आली असेल तर जवळपास निम्म्यांना. आईवडिलांना किंवा भावंडाला आली असेल, किंवा ताप फारसा चढायच्या आधीच आली असेल, तरी शक्यता वाढते. डॉक्टरांनी विचारलं तर घरातलं लपवू नका. मुलाच्या आजीला विचारा, तिला बरोबर आठवतं. साध्या आकडीनंतर पुढे अपस्मार (म्हणजे ताप नसतानाही वारंवार येणारी आकडी) होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन, म्हणजे इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त.

पॅरासिटामॉल आम्हीच विकतो, तरी स्पष्ट सांगतो : त्याने मुलाला आराम पडतो, पण पुढची आकडी टळत नाही. म्हणून भीतीपोटी जादा डोस देऊ नका. बाटली नीट वाचा. ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेलं सिरप वेगळं, २५० चं वेगळं, आणि ड्रॉप्सच्या एकाच मिलीत १०० मिग्रॅ असतं. १० किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिग्रॅ सांगितलं तर पहिल्याचे ६ मिली, दुसऱ्याचे ३ आणि ड्रॉप्सचे दीड. खानापूरच्या डॉक्टरांची एक बाटली, बेळगावच्या डॉक्टरांची दुसरी, असं झालं असेल तर दोन्ही बाटल्या आमच्या दुकानात घेऊन या. मुलाच्या वजनाप्रमाणे माप लेबलवर मराठीत लिहून देऊ.

आकडी लांबली तर वापरायला काही मुलांना डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलम स्प्रे लिहून देतात. तो चिठ्ठीशिवाय मिळत नाही. नेताना कसा मारायचा, किती वेळा दाबायचा हे आमच्याकडून समजून घ्या, आणि घरात मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.