पुन्हा पाहणं: बाळंतपणात सिस्टर काय काय मोजतात

खानदेशात लेबर रूमचं दार किलकिलं झालं की बाहेर बसलेल्या आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रडनं का?" मुलगा की मुलगी, हे त्यानंतर. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. पहिल्या काही श्वासांत तो द्रव मागे हटून तिथे हवा शिरावी लागते, आणि रडणं ही ती शिरल्याची पावती. पण आत सिस्टर रडण्याबरोबर आणखी चार गोष्टी बघत असतात. एका मिनिटाला बघतात, तशाच पाच मिनिटांनी परत बघतात. गरोदरपणापासून बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत नर्सिंगच्या कामाचं मर्म या 'परत'मध्ये आहे. आई-बाळाची तब्येत एका आकड्यातून कळत नाही. मागच्या वेळी किती होतं आणि आज किती आहे, यातला फरक बोलतो.

म्हणून माता-बाल संरक्षण कार्डाला, म्हणजे ज्यावर दर तपासणीचे आकडे लिहितात त्याला, फार किंमत आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरून मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात चोपड्याहून शिरपूरला येते; सोबत साड्या येतात, लाडू येतात, आणि कार्ड राहतं सासरच्या कपाटात. नंदुरबारकडून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचंही तेच होतं. मग नव्या दवाखान्यातल्या सिस्टरला त्या दिवसाचा एकच आकडा दिसतो. समजा बीपी 130/84 आलं. धोक्याची रेघ 140/90 ची, म्हणजे हे ठीकच वाटेल. पण तिसऱ्या महिन्यात त्याच बाईचं बीपी 100/64 होतं असं कार्डावर दिसलं, तर अनुभवी सिस्टर तिला पंधरा दिवसांनी या असं सांगणार नाहीत, लवकर परत बोलावतील आणि लघवीत प्रथिनं जातात का ते तपासतील. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी एरवी थोडं उतरतं. ते चढणीला लागलं असेल तर लक्ष ठेवायलाच हवं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढून लघवीत प्रथिनं दिसू लागली, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, छातीखाली पोटात दुखू लागलं, तर पुढची पायरी झटक्यांची असू शकते. झटके म्हणजे बाहेरची बाधा नव्हे. हा बीपीचाच आजार आहे आणि त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे.

हिमोग्लोबिनचंही असंच. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग जवळपास दीडपट होतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे आकडा थोडा उतरतो, आणि तेवढं गृहीत धरूनच 11 ग्रॅमची मर्यादा ठरवली आहे. त्याखाली रक्त कमी, 7 च्या खाली धोका गंभीर. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. कळण्याची भाकरी, मेथी, अंबाडी हे सगळं खावंच, पण पोटातल्या बाळासह दोघांची गरज नुसत्या ताटातून भरून निघत नाही. गोळीने शी काळी होते. त्याला घाबरून कितीतरी जणी गोळ्या सोडून देतात, हे त्यांना आधीच सांगायला हवं. गोळीवर चहा घेऊ नये, कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, कारण दोन्ही लोहाला अडवतात. लिंबू पिळलेलं पाणी चालतं, उलट मदतच करतं.

सातपुड्याच्या पट्ट्यात रक्त कमी दिसलं की आणखी एक शंका घ्यावी लागते, सिकलसेलची. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. भिल्ल, पावरा समाजांत हा आनुवंशिक दोष आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. नवजात बाळाकडे बघून मात्र काहीच कळत नाही, कारण जन्माच्या वेळी त्याच्या रक्तात बहुतांश गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं आणि ते पेशींना वाकू देत नाही. काही महिन्यांनी ते ओसरतं, तेव्हा त्रास सुरू होतो. म्हणून आई-वडिलांची तपासणी वेळेत झालेली बरी.

पोटावर टेप लावतात, ते कशासाठी? ओटीपोटाखालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर 24 आठवड्यांनंतर साधारण आठवड्यांइतकंच सेंटिमीटर भरतं. 30 आठवड्यांना 30, दोन इकडेतिकडे. मोजण्याआधी लघवीला पाठवतात, कारण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं. काळजीने काम करणाऱ्या सिस्टर टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवतात आणि माप घेऊन झाल्यावर उलटून वाचतात, म्हणजे मनातला आकडा हाताला फसवत नाही. 36 आठवड्यांना गर्भाशय छातीच्या हाडापर्यंत पोचतं, मग बाळाचं डोकं कटीत उतरू लागलं की पुन्हा खाली येतं. "पोट उतरलं" असं जुन्या बाया म्हणतात ते हेच, आणि त्यांचं निरीक्षण अचूक आहे.

कळा सुरू झाल्या की हाताचं काम वाढतं. सिस्टर बाईच्या पोटावर तळहात ठेवतात, दाबत नाहीत, नुसता ठेवतात, आणि नजर घड्याळावर. गर्भाशय हाताखाली कडक होत गेलेलं कळतं, तसंच सैल पडलेलंही. दहा मिनिटांत कळा किती आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, हे मोजायचं. खोट्या कळा फिरल्याने, पडून राहिल्याने विरतात. खऱ्या जवळजवळ येत जातात, लांबतात, आणि त्यांनी गर्भाशयाचं तोंड उघडतं. कळ ओसरताच बाळाचे ठोके पूर्ण मिनिटभर ऐकायचे, पहिल्या टप्प्यात दर अर्ध्या तासाने. 110 ते 160 ठीक. कळेच्या वेळी गर्भाशयाच्या स्नायूंतून वारेकडे जाणारं रक्त काही काळ अडतं, आणि बाळ त्यातून लगेच सावरतं की ठोके मंदच राहतात, हे कळेनंतर ऐकल्याशिवाय समजत नाही. ठोके ऐकताना सिस्टरच्या दुसऱ्या हाताचं बोट आईच्या नाडीवर असतं, नाहीतर घाबरलेल्या आईचीच धावती नाडी बाळाचे ठोके म्हणून लिहिली जाते.

हे सगळं ज्या कागदावर उतरतं तो पार्टोग्राफ. त्याचा इतिहास खानदेशच्या डोंगराळ भागातल्या माणसाला जवळचा वाटावा असा आहे. अमेरिकेत इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1954 मध्ये गर्भाशयाचं तोंड तासागणिक किती उघडतं याचा आलेख काढला. पण त्याला खरा उपयोग दिला तो 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी, आफ्रिकेतल्या तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत. तिथे लांबच्या केंद्रांवर सुईणी बाळंतपणं करत, मोठं हॉस्पिटल दूर. बाळंतपण अडलंय हे सुईणीला वेळेत कळावं म्हणून त्यांनी आलेखावर सावधगिरीची रेघ आखली, तासाला एक सेंटिमीटर या वेगाची. तिच्या उजवीकडे चार तासांवर दुसरी, कृतीची रेघ. मधले चार तास बाईला मोठ्या हॉस्पिटलला पोचवण्यासाठी होते.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हे अंतर आजही खरं आहे. रस्ता संपतो तिथून बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणावं लागतं, नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांत बोटीतून. दिवस भरत आले की अशा बाईने आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात येऊन राहावं, ही सरकारी सोय त्यासाठीच आहे. एक गोष्ट आता बदलली आहे. पुष्कळ निरोगी बायांमध्ये तोंड तासाला एक सेंटिमीटरपेक्षा हळू उघडतं आणि तरी सगळं सुखरूप होतं, असं दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायला सांगितलं, आणि 2020 च्या नव्या तक्त्यातून ती तिरकी रेघ काढून टाकली. मला हा बदल योग्य वाटतो. घाई करून कळा वाढवण्याचं इंजेक्शन टोचणं कमी झालं, तर ते आई आणि बाळ दोघांच्याही भल्याचं आहे.

बाळ बाहेर आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण आईसाठी सर्वांत जोखमीचा काळ आता सुरू होतो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्या राहतात. त्या बंद करतात गर्भाशयाचेच स्नायू, आवळून. म्हणून पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, पहिल्या मिनिटातच ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात. हे औषध उष्णतेने दुबळं होतं. ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत ट्रेमध्ये दुपारभर पडून राहिलेली कुपी टोचली आणि रक्त थांबलं नाही, तर दोष बाईच्या शरीराचा नव्हे. वीज गेली तर फ्रिजचं काय, हा लेबर रूमचा जीवन-मरणाचा प्रश्न आहे. पुढचे दोन तास सिस्टर दर पंधरा मिनिटांनी बेंबीखाली हात घालून गर्भाशय चाचपतात. ते नारळासारखं टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर चोळायचं, लघवी तुंबली आहे का पाहायचं, डॉक्टरांना हाक मारायची.

आता बाळ. बाहेर 44 अंश असताना बाळ गारठेल, हे कोणाला पटत नाही. पण बाळ ओलं असतं, खानदेशातली उन्हाळी हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत ओलावा झपाट्याने उडतो. उडताना अंगातली ऊब घेऊन जातो. वर पंखा चालू असेल तर आणखीच. मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब तयार करणं नवजात बाळाला जमत नाही. त्यासाठी त्याच्या पाठीत, मानेजवळ थोडी तपकिरी चरबी साठवलेली असते, तीही दिवस भरलेल्या बाळात. म्हणून लगेच कोरडं पुसायचं, ओलं फडकं टाकून द्यायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून झाकायचं. नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापली तर वारेतलं बरंचसं रक्त बाळाकडे येतं आणि पुढच्या महिन्यांसाठी लोहाची शिदोरी मिळते. अंगावरचा पांढरा थर खरवडून काढायचा नाही; अंघोळ किमान दिवसभर लांबवायची.

व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकी भूलतज्ज्ञ बाईंनी 1952 मध्ये पाच खुणांची मोजणी मांडली: ठोके, श्वास, हातापायांतला ताठपणा, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. ठोके शंभराच्या वर असले की दोन. रंगात बहुतेक बाळांचा एक गुण पहिल्या मिनिटाला जातो, कारण तळहात-तळपाय निळसर असतात, आणि ते चालतं. सावळ्या बाळाचा रंग कातडीवरून ठरवू नये. ओठ आणि जीभ बघावी. सात ते दहा गुण चांगले. पण श्वास घेत नसलेल्या बाळासाठी गुण मोजत बसायला मिनिटभर थांबत नाहीत. पुसून, पाठ चोळून तरी श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आतच फुग्याने हवा द्यायला लागतात. पाचव्या मिनिटाचे गुण सांगतात की बाळाने साथ दिली की नाही.

नंतर डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. वजन अडीच किलो किंवा जास्त, लांबी पन्नास सेंटिमीटरच्या आसपास, डोक्याचा घेर 33 ते 35. डोकं लांबुळकं दिसलं तर आजीने दाबून गोल करू नये. वाटेत हाडं एकमेकांवर सरकलेली असतात, काही दिवसांत ती आपोआप जागेवर येतात. बाळ गार पडतंय का, हे थर्मामीटरशिवायही कळतं. हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट, मग तळपाय. दोन्ही उबदार तर उत्तम. पोट उबदार आणि पाय गार, तर गारठा लागायला सुरुवात झाली.

पहिल्या तासात अंगावर घ्यायचं. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक थोडाच असतो, बाळाचं पोटही तेवढंच असतं, आणि रोगांशी लढणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. तो पिळून टाकणं आणि त्याऐवजी मध चाटवणं, हे प्रेमापोटी होतं हे मला ठाऊक आहे, तरी थांबवायलाच हवं. मधातले काही जिवाणूंचे बीजकण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. नाळेला हळद, राख, तेल काही नको.

घरी गेल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, वजनकाटा घेऊन. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली, किंवा पुढे तळहात-तळपायांपर्यंत पोचली, तर कोवळ्या उन्हात धरून भागत नाही, दवाखाना गाठायचा. शेक-शेगडीची बंद खोली मे महिन्यात बाळाला तापवते, ती मोकळी ठेवायची. श्वास मोजायचे तर बाळ शांत असताना, पूर्ण मिनिटभर. कारण नवजात बाळ मध्येच काही सेकंद थांबतं, मग भराभर घेतं, आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा चुकतो. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मिनिटभर मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली खोल खड्डा पडत असला, किंवा बाळ अंगावर पिईनासं झालं, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन लावायचा, आणि निघताना कार्ड सोबत घ्यायचं.