फाइल मॅनेजरची ॲडऑन्स आणि सिस्टिमची सिक्युरिटी

कॉम्प्युटरसोबत आलेल्या फाइल मॅनेजरमध्ये, म्हणजे मॅकवर फाइंडर आणि विंडोजवर फाइल एक्सप्लोरर, बाहेरच्या डेव्हलपरने बनवलेली जास्तीची सोय बसवली की तिला फाइल मॅनेजर ॲडऑन म्हणतात. टॅब, एकाच विंडोत दोन फोल्डर शेजारीशेजारी, फाइलवर रंगीत खुणा, फोल्डर सगळे वर आणि फाइली खाली, राइट क्लिकमध्ये आपल्या कामाची एखादी कमांड, असल्या या सोयी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अंधेरी-गोरेगावच्या एडिटिंग स्टुडिओत जो असिस्टंट दिवसभर शूटची कार्डं उतरवतो, रशेस (शूटचं मूळ फुटेज) एका ड्राइव्हवर, प्रॉक्सी (एडिटसाठीच्या हलक्या कॉपी) दुसऱ्यावर, साउंड तिसऱ्या फोल्डरमध्ये असं लावत बसतो त्याला विचारा, दोन पॅनलची विंडो नसेल तर त्याचे किती क्लिक वाढतात. दादर-गिरगावच्या डीटीपीवाल्यांचं आणि लोअर परळच्या जाहिरात एजन्सीतल्या आर्टिस्ट लोकांचंही तेच. त्यामुळे या ॲडऑन्सची मागणी खरी आहे, आळशीपणाची नाही, हे आधी मान्य करायला हवं.

अडचण अशी की अशा बऱ्याच ॲडऑन्सना सिस्टिमची सिक्युरिटी आडवी येते, आणि मग लोक ॲडऑन सोडायच्या ऐवजी सिक्युरिटीच बंद करतात.

मॅकवर ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते. फाइंडरमध्ये टॅब ॲपलने 2013 मध्ये मॅव्हरिक्स या मॅकच्या सिस्टिमच्या व्हर्जनबरोबर दिले, त्याआधी ज्यांना टॅब हवे होते ते टोटलफाइंडर किंवा एक्स्ट्राफाइंडर घ्यायचे. ही सॉफ्टवेअर स्वतंत्र ॲप म्हणून बाजूला चालत नाहीत, ती आपला कोड चालू असलेल्या फाइंडरच्या आतच घुसवतात, याला कोड इंजेक्शन म्हणतात. एकदा आत गेलं की तो कोड फाइंडरच्याच नावाने चालतो आणि फाइंडरला ज्या ज्या फाइलींना हात लावता येतो त्या सगळ्या त्यालाही मिळतात. सोसायटीत एखादा पाहुणा राहणाऱ्या माणसाबरोबर बोलत बोलत आत आला तर वॉचमन रजिस्टरमध्ये सही मागत नाही, तसंच हे. टोटलफाइंडर सज्जन पाहुणा होता, पण त्याच वाटेने मालवेअरही येऊ शकतं आणि सिस्टिमला दोघांतला फरक कळायला काही मार्ग नव्हता.

म्हणून ॲपलने 2015 मध्ये ओएस एक्स एल कॅपिटनबरोबर सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन आणलं, सगळे त्याला एसआयपी म्हणतात, सुरुवातीला रूटलेस असंही नाव चालायचं. यात सिस्टिमचे महत्त्वाचे फोल्डर आणि ॲपलची सोबत आलेली ॲप्स कुणालाच बदलता येत नाहीत, ॲडमिन पासवर्ड दिला तरी नाही, आणि ॲपलने डिजिटल सही केलेल्या चालू प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये, बाहेरचा कोड घालता येत नाही. फाइंडर ही अशीच प्रोसेस. एका अपडेटमध्ये ही सगळी ॲडऑन्स अडकली.

मग उपाय काय निघाला तर एसआयपीच बंद करा. इंटेल मॅक असेल तर रीस्टार्ट करताना कमांड आणि आर दाबून धरायचं, एम सिरीजची चिप असेल तर मॅक पूर्ण बंद करून पॉवर बटण दाबून धरायचं, स्टार्टअप ऑप्शन्स आले की ऑप्शन्स निवडून रिकव्हरीत, म्हणजे मॅकच्या दुरुस्तीच्या मोडमध्ये, जायचं, वरच्या युटिलिटीज मेनूतून टर्मिनल उघडायचं, तिथे सीएसआरयूटिल डिसेबल ही कमांड द्यायची आणि परत रीस्टार्ट. पाच मिनिटांचं काम. एल कॅपिटनच्या काळात पूर्ण बंद करायच्या ऐवजी फक्त डीबगचा भाग उघडा ठेवून बाकी चालू ठेवायचीही सोय होती, एक्स्ट्राफाइंडरसारख्यांना तेवढं पुरायचं, पण असं अर्धवट केलं की टर्मिनल स्वतःच सांगायचं की हे अनसपोर्टेड कॉन्फिगरेशन आहे आणि पुढे कधीही मोडू शकतं. तसंच झालं, कारण नंतरच्या प्रत्येक व्हर्जनमध्ये ॲपलने अजून एकेक थर चढवला. 2018 च्या मोहावेमध्ये ॲप्सना तुमचा खासगी डेटा वाचायला वेगळी परवानगी लागायला लागली, 2020 च्या बिग सरमध्ये सिस्टिमचं पूर्ण व्हॉल्यूमच, म्हणजे डिस्कवरचा सिस्टिमचा भाग, सील झालं.

यात सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे एसआयपी बंद केल्यावर काहीच वेगळं दिसत नाही. मॅक तसाच चालतो, स्क्रीनवर कुठे लाल खूण येत नाही, ज्याने बंद केलं तो नोकरी बदलून जातो आणि नंतरच्या माणसाला पत्ताच नसतो. पटकन बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये सीएसआरयूटिल स्टेटस टाकायचं, त्यासाठी रिकव्हरीत जायची गरज नाही. लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुणाकडून सेकंडहँड मॅक घेतला असेल तर ही कमांड पहिल्याच दिवशी टाकावी, पुढे काय इन्स्टॉल करायचं ते नंतर.

बंद एसआयपीची किंमत काय असते ते सप्टेंबर 2019 मध्ये हॉलिवूडच्या एडिटर लोकांनी बघितलं. लॉस एंजेलिसमध्ये बऱ्याच मॅक प्रो मशीन एकदम बूट व्हायच्या थांबल्या, त्यावर एव्हिड मीडिया कंपोझर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालत असल्यामुळे पहिला संशय एव्हिडवर गेला, मालवेअर असेल अशीही भीती पसरली. शेवटी कळलं की क्रोमच्या अपडेटरमध्ये चूक होती, तो सिस्टिमची व्हार नावाची महत्त्वाची लिंकच (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) उडवत होता. एसआयपी चालू असलेल्या मॅकवर ते उडवणं शक्यच नव्हतं, तिथे काही झालं नाही. ज्यांनी बाहेरची ग्राफिक्स कार्डं वगैरे चालवायला एसआयपी बंद केलं होतं तेच अडकले. म्हणजे इथे कुणी हॅकर नव्हता, व्हायरस नव्हता, रोजच्या वापरातल्या ब्राउझरची एक साधी चूक होती आणि ती अडवणारं कुणी उरलं नव्हतं. आपल्याकडच्या पोस्ट प्रॉडक्शनवाल्यांनी तर हा किस्सा लक्षातच ठेवायला हवा, डिलिव्हरीच्या आदल्या रात्री मशीन बूट झालं नाही तर दोन पॅनलच्या विंडोने वाचवलेले सगळे तास एका फटक्यात जातात.

ॲपलने अधिकृत वाटही ठेवलीय. 2014 च्या योसेमिटीपासून फाइंडर सिंक एक्स्टेन्शन आहे, ते फाइंडरच्या आत न शिरता बाहेर आपल्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे आखून दिलेल्या बंद जागेत, चालतं आणि फाइलवर बॅज लावणं, राइट क्लिकमध्ये आयटम टाकणं, टूलबारवर बटण देणं एवढंच करू शकतं. ड्रॉपबॉक्स आधी हिरव्या टिकमार्कसाठी फाइंडरमध्ये कोड घालायचं, ते या वाटेवर आलं. पण दोन पॅनल, फाइंडरचं रूप बदलणं, हे यातून होत नाही, आणि माझ्या मते ॲपलने इथे हात जरा जास्तच आखडता घेतलाय. मात्र लोकांना जे हवं असतं त्यातलं बरंचसं फाइंडरमध्ये आता आहेच आणि ते माहीतच नसतं: कमांड-सी करून दुसरीकडे ऑप्शन-कमांड-व्ही केलं की फाइल कॉपी न होता हलते, 2016 च्या सिएरापासून फोल्डर वर ठेवायची सेटिंग आहे, आणि मोहावेपासून क्विक ॲक्शन आहेत, त्यात ऑटोमेटरमध्ये आपली स्क्रिप्ट लिहिली की ती राइट क्लिकमध्ये येते. शंभर फोटोंची साइज बदलायची किंवा नावं बदलायची असतील तर त्यासाठी कुठलंही ॲडऑन लागत नाही.

आणि दोन पॅनल हवेतच तर फोर्कलिफ्ट, पाथ फाइंडर, कमांडर वन अशी वेगळी फाइल मॅनेजर ॲप्स घ्यावीत. ती फाइंडरला हात लावत नाहीत, स्वतःच्या विंडोत चालतात, फार तर फुल डिस्क ॲक्सेस मागतात, आणि तो सेटिंग्जमध्ये दिसतो आणि एका क्लिकमध्ये काढताही येतो. एम सिरीजच्या मॅकवर एसआयपी बंद ठेवलं तर आयफोन-आयपॅडची ॲप्सही चालत नाहीत, त्यामुळे तिथे तर इंजेक्शनवाल्या ॲडऑनच्या मागे लागण्यात काही अर्थच नाही.

विंडोजचा स्वभाव उलटा. तिथे शेल एक्स्टेन्शन, म्हणजे एक्सप्लोररला जोडायची ॲडऑन्स, विंडोज 95 पासून आहेत, ॲडऑनची डीएलएल (कोडची फाइल) सरळ एक्सप्लोररच्या प्रोसेसमध्ये लोड होते आणि ते रीतसर मानलं जातं. तोटा असा की ॲडऑन क्रॅश झालं की एक्सप्लोरर जातो, आणि त्याच्याबरोबर टास्कबारही जातो. फाइलवर दिसणाऱ्या बॅजचे तर फक्त 15 स्लॉट आहेत, त्यातले काही विंडोज स्वतःच घेतं, उरलेल्यांसाठी वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, टॉर्टॉइज एसव्हीएन यांची मारामारी, नावाच्या आधी स्पेस टाकून रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) यादीत वर येण्यापर्यंत. विंडोज 11 मध्ये 2021 साली मायक्रोसॉफ्टने राइट क्लिकचा मेनू छोटा केला आणि जुन्या एक्स्टेन्शनना शो मोअर ऑप्शन्सच्या आत ढकललं, शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट येतो. टॅबही 2022 मध्ये एक्सप्लोररमध्येच आले, त्यामुळे टॅब देणाऱ्या क्यूटीटॅबबारसारख्या ॲडऑन्सची गरज बरीच कमी झाली.

मुंबईत विंडोजवर खरी बंदी लागते ती ऑफिसच्या लॅपटॉपवर. बीकेसी किंवा नरिमन पॉइंटच्या ऑफिसमध्ये ॲडमिन पासवर्ड आयटीवाल्यांकडे असतो, कुठली फाइल चालेल तेही पॉलिसीने ठरतं. तिथे इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल फाइल मॅनेजर पेनड्राइव्हवरून आणायचा मोह होतो, आणि ते करू नये, कारण मशीन आपलं नाही आणि त्यावरचा ग्राहकांचा डेटाही आपला नाही. टोटल कमांडर 1993 पासून चालत आलेलं सॉफ्टवेअर आहे, आयटीकडे कामाचं कारण लिहून रीतसर मागायला लाजायचं काही कारण नाही.

अँड्रॉइडवर हीच कहाणी स्कोप्ड स्टोरेजच्या, म्हणजे ॲपला फक्त ठराविक फाइलींपर्यंतच जाऊ द्यायच्या पद्धतीच्या, नावाने झाली. 2020 च्या अँड्रॉइड 11 पासून फाइल मॅनेजरला ऑल फाइल्स ॲक्सेस दिला तरी अँड्रॉइड फोल्डरच्या आतला डेटा फोल्डर उघडत नाही, कारण तिथे बाकीच्या ॲप्सच्या खासगी फाइली असतात. व्हॉट्सॲपचे फोटो आता शेजारच्या मीडिया फोल्डरमध्ये असतात, ते दिसतात, त्यामुळे तेवढ्यासाठी काही खटपट नको. पूर्वी लोक सरळ फोन रूट करायचे, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार स्वतःकडे घ्यायचे, आता बँकेची आणि यूपीआयची बरीच ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात, आणि लोकलचा पास, भाजी, रिक्षा सगळं फोनवरून देणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. त्यातल्या त्यात बरी वाट म्हणजे शिझुकू, बाकीच्या ॲप्सना जास्तीची परवानगी मिळवून देणारं ॲप: डेव्हलपर ऑप्शन्समधून वायरलेस डीबगिंग (वायफायवरून फोनला कमांड देण्याची सोय) चालू करायचं, शिझुकूला पेअर करायचं आणि मिक्सप्लोररसारख्या फाइल मॅनेजरला त्याच्यातून परवानगी द्यायची. यात रूट लागत नाही, आणि फोन रीस्टार्ट केला की शिझुकू परत सुरू होईपर्यंत ती परवानगी चालत नाही. काम झालं की वायरलेस डीबगिंग बंद करायचं, स्टेशनच्या किंवा कॅफेच्या वायफायवर तर ते कधीच चालू ठेवायचं नाही.