‘फवारणी’ म्हणजे नेमकं काय? ठाणे-नवी मुंबईतल्या उन्हाळी बंदोबस्ताची पार्श्वभूमी

यंदा थंडी पडलीच नाही, असं म्हणत फेब्रुवारी उजाडतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: ‘फवारणी कधी?’ प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धूर असतो, महापालिकेच्या कामगाराच्या पाठीवर पंप असतो, आणि आमच्या गावठाणातल्या एखाद्या आजीला विचारलं तर तिला भिंत आठवते. तिघंही एकच शब्द वापरतात. इथल्या घरांची उन्हाळ्याआधीची तयारी गेली साठ-सत्तर वर्षं या एका शब्दापाशी अडखळते आहे.

त्याआधी थंडीबद्दल. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर हिवाळ्यानं कधी कुठला किडा मारलेला नाही. पारा १६-१७ अंशांवर उतरला की आपल्याकडे त्याची बातमी होते. डासाच्या दृष्टीनं ती नुसती सुस्तीची वेळ. ऐन उकाड्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, गारठ्यात त्याच्या दुप्पट किंवा अधिक. सौम्य हिवाळा म्हणजे ही सुस्ती आखडणं. २०२५चा फेब्रुवारी देशात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला आणि त्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई, ठाणे, रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. किनारपट्टीवर ३७ अंशांपासून लाटेचा विचार सुरू होतो. तो आकडा पूर्वी आपण मार्चअखेर धरून चालायचो.

पण ‘थंडी नाही म्हणून डास’ हे अर्धंच खरं. शिमग्याच्या सुमाराला कानाशी गुणगुणणारा तो क्युलेक्स, गटाराचा डास. ऑक्टोबरात पाऊस थांबला की गटारं धुऊन निघणं थांबतं. पुढचे चार महिने त्यात फक्त मोरीचं आणि भांड्यांचं पाणी, तेही दाट होत गेलेलं. थंडी कडक असो की नावाची, फेब्रुवारी-मार्चमध्ये क्युलेक्स वाढतोच. सौम्य थंडीत तो पंधरा दिवस लवकर येतो, इतकंच.

जुन्या कौलारू घरांचा बंदोबस्त ठाऊक नसलेला वाचक विरळाच: खांबांच्या बुडाला डांबर, धान्यात कडुलिंबाचा पाला, तिन्हीसांजेला धुरी. त्यात एक गोष्ट आज मोलाची वाटते. मोरीचं पाणी उघड्यावर न साचता केळीच्या नाहीतर अळूच्या बुडाशी जायचं आणि तिथंच जिरायचं. पुढे बंदिस्त गटारं आली, केळी गेल्या आणि झाकणाखालचं पाणी दिसेनासं झालं.

‘फवारणी’चा पहिला अर्थ १९५३चा. देशपातळीवर हिवताप नियंत्रण सुरू झालं तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५८ला ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. आज ज्याला नवी मुंबई म्हणतो तो तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतला ग्रामीण भाग. भातशेती, मिठागरं, आगरी-कोळी वस्ती. तिथं फवारणी म्हणजे घरात येऊन भिंतीवर डीडीटी मारणं. रक्त पिऊन डास भिंतीवर विसावतो, तिथंच त्याला विष लागावं हा हिशेब. भिंतीवर पांढरट थर उरायचा, दाराशी तारीख लिहिली जायची आणि सूचना असायची की काही आठवडे भिंत सारवू नका. सण तोंडावर आणि भिंत सारवायची नाही! सारवली की डीडीटी शेणामातीखाली गेली. यात बायकांना अडाणी ठरवण्याची तेव्हाही पद्धत होती. माझ्या मते चूक वेळापत्रक आखणाऱ्यांची होती.

साठच्या दशकात देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले आणि १९७६ला पुन्हा ६४ लाखांवर गेले. डासांना डीडीटी पचायला लागली होती, पुरवठा अपुरा होता, आणि जिंकलो असं समजून यंत्रणा सैलावली होती. ‘निर्मूलन’ हा शब्द मात्र कार्यक्रमाच्या नावात १९९९पर्यंत टिकला.

दुसरा अर्थ शहरी. शहरात भिंतीवर डीडीटी मारायची नाही, पाण्यातल्या अळ्या मारायच्या, हे धोरण १९७१च्या शहरी हिवताप योजनेनं पक्कं केलं. त्याची मुळं शेजारच्या मुंबईत आहेत. १९११च्या तिथल्या अहवालानं हिवतापाचं खापर घरोघरच्या विहिरींवर फोडलं होतं. विहिरी बुजवायला किंवा झाकायला निघाल्यावर विरोध झाला, कारण काहींच्या पूजेला विहिरीचंच पाणी लागायचं. तोडगा म्हणून झाकणाला छोटी झडप ठेवली गेली. विहिरींची जागा पुढे गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली. डास तोच, हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफन्सी. या वळणाच्या फवारणीत पाठीवरचा पंप असतो, गटारात काळं तेल किंवा अळीनाशक, पिण्याच्या टाकीत मोजून टाकलेलं ॲबेट हे अळीनाशक, हौदात गप्पी मासे. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही पाटी वाचत आमची पिढी शाळेत गेली. हे काम दिसत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही. त्यामुळे ‘फवारणी झालीच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याच कामाच्या वाट्याला येते.

तिसरा अर्थ धुराचा. मॅलेथिऑन हे कीटकनाशक डिझेलमध्ये ५ टक्के मिसळून यंत्रातून तापवून सोडायचं. धुराचा थेंब ज्या उडत्या डासाला लागतो तो मरतो. गटारातल्या अळीला, टाकीतल्या अंड्याला ढिम्म फरक पडत नाही. म्हणून धूर हा साथ भडकल्यावरचा उपाय आहे, दर बुधवारचा नव्हे. तोसुद्धा हवा स्थिर असताना, पहाटे नाहीतर संध्याकाळी मारायचा. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि पडद्यामागे, पलंगाखाली बसतो. धुराची गाडी गल्लीत शिरली की पहिल्यांदा काय होतं? खिडक्या लागतात. ज्या घरातून फवारणीसाठी सर्वांत जास्त फोन गेले, त्याच घराच्या खिडक्या आधी. एडिस आत सुखरूप, धूर बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आभाराचे मेसेज.

तरी धुराचीच मागणी होत राहिली, कारण धूर दिसतो. निवडणुकीच्या तोंडावर तो जरा जास्त दिसतो, हे कुठल्याही प्रभागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गेल्या मार्चमध्ये आमच्या इमारतीत धूर होऊन गेला आणि त्यानंतर तासाभरात वॉचमननं मागच्या अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं. पाण्यावर अळ्यांची साय. शेपटीची नळी पृष्ठभागाला लावून, डोकं खाली, सगळ्या तिरक्या लटकलेल्या. तिरकी लटकते ती क्युलेक्सची, पाण्याला समांतर आडवी पडते ती हिवतापाच्या डासाची. झाकणाच्या सावलीनं त्या वळवळत खाली गेल्या आणि मिनिटभरात परत वर आल्या. चेंबरच्या वरच्या कठड्यावर धुरातल्या डिझेलचा वास अजून होता.

इथलं पाणी असं का थबकतं, हे थोडक्यात. १९७०पासून ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. बरीचशी जमीन सखल, काही भाग भरतीच्या पातळीखालचा. म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूरकडे धारण तलाव खणले: भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात; ओहोटीला झडपा उघड्या, पाणी खाडीत. तलावांत गाळ साचला, गाळावर कांदळवन वाढलं, आणि न्यायालयाच्या २००५ व २०१८च्या आदेशांनी कांदळवन तोडायला बंदी आली. गाळ काढायचा तर झाडं जातात, नाही काढला तर पाणी उथळ होऊन थबकतं. भरती-ओहोटी खेळती असते तिथं अळ्या टिकत नाहीत, म्हणजे डासांचं खापर कांदळवनावर फोडणं चुकीचं. राग यायचाच असेल तर पहिली काही वर्षं गाळ नियमित न काढण्याचा यावा, जेव्हा झाडं आडवी येत नव्हती.

ठाण्याच्या बाजूला गोष्ट बांधकामाची आहे. घोडबंदर रस्त्यालगत टॉवर उभे राहू लागले तशी स्लॅबवर बांधलेल्या पाण्याची तळी वाढली. काँक्रीटला कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी द्यायचं, मिश्र सिमेंट असेल तर १४. डासाला आठ-दहा पुरतात. मानकात लिहिलेला आकडा डासाच्या सोयीचा निघाला. आठवड्यातून एकदा ते पाणी पूर्ण काढून पुन्हा भरलं तर साखळी तुटते. ‘कोरडा दिवस’, म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडी कोरडी करणं, ही कल्पना घरातल्या पिंपांसाठी आहे तशीच इथंही लागू पडते.

घरातल्या विषांचा इतिहास त्यामानानं लवकर आटोपतो. कोपऱ्यात भुरभुरलेली गॅमेक्सिन १९९७ला बंद झाली. वाळवीसाठी घराच्या पायात ओतलं जाणारं आल्ड्रिनही त्याच सुमारास गेलं आणि क्लोरपायरिफॉस आलं. झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक नि साखरेच्या गोळ्या होत्या. नंतर खडू आला, मग जेलचे ठिपके. ‘बिनवासाचं पेस्ट कंट्रोल’ म्हणतात ते बहुधा हे जेलच. त्यानंतर आठवडाभर त्या जागी फिनेल फिरवलं की पैसे पाण्यात, कारण झुरळानं ते खायला हवं.

आता फेब्रुवारीत काय केलं जातं, तर मागणी अजून धुराचीच. पण काही सोसायट्यांनी नोटीस बदलली आहे. आमच्याकडच्या यंदाच्या नोटिशीत ‘फवारणी’ हा शब्द नव्हता. चेंबरमध्ये तेल दर सोमवारी, टाक्यांची झाकणं मेणकापड बांधून घट्ट, कुंड्यांखालच्या ताटल्या रविवारी पालथ्या, आणि संडासाच्या व्हेंट पाइपांना नायलॉनची जाळी. एडिसची अंडी कोरड्या ताटलीच्या कडेला महिनोन् महिने तग धरतात, म्हणून नुसती पालथी करून भागत नाही, काथ्यानं घासायची, असंही खाली पेनानं लिहिलं होतं. तेल टाकल्याची तारीख वॉचमन खडूनं चेंबरच्या झाकणावर लिहितो. चार पाइपांच्या जाळ्या बांधून झाल्या. पाचवा बी विंगच्या गच्चीवर आहे आणि तिथली शिडी प्लंबर घेऊन गेलाय.