कापडी विमानाचा रंग

पोलादी नळ्यांच्या किंवा लाकडाच्या सांगाड्यावर कापड चढवून केलेल्या हलक्या विमानाला कोणता रंग द्यावा, हा वरवर पाहता हौसेचा प्रश्न. पत्र्याच्या विमानावरचा रंग खरवडून काढला तरी ते उडू शकते. कापडी विमानाचे तसे नाही. हवा आरपार जाऊ न देणारा घट्टपणा आणि उन्हापासून आडोसा त्याला वरच्या लेपांतूनच मिळतो. जुन्या सुती व लिननच्या कापडाला तर ताणही त्यातूनच येतो. रंगाचा शेवटचा हात हा या लेपांचाच वरचा थर असतो. म्हणून रंग निवडताना विमानाचे वजन, कापडाचे आयुष्य आणि पुढची डागडुजी यांचा विचार आपोआप करावा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीची बरीच विमाने फिकट पिवळसर दिसत, कारण लिननवर फक्त पारदर्शक डोप असे. डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेला, वाळताना कापड आवळणारा लेप. पारदर्शक डोपखाली ऊन थेट कापडाला लागे आणि ते लवकर जीर्ण होई. त्यावर ब्रिटिशांनी पीसी-10 हा खाकी लेप काढला. त्यात लोहाचा ऑक्साइड आणि काजळी असे. नावातले पीसी म्हणजे ‘संरक्षक आवरण’. शत्रूच्या नजरेपासून लपणे हा ओघाने आलेला फायदा. मिश्रण आणि वय यांप्रमाणे हा रंग हिरवटापासून चॉकलेटीपर्यंत कुठेही झुके, त्यामुळे त्याची ‘खरी’ छटा कोणती यावर हौशी मंडळी आजही वाद घालतात. जर्मनांनी वेगळी वाट धरली. त्यांनी कापडावरच बहुकोनी ठिपक्यांची रंगीत नक्षी छापून घेतली. त्यामुळे रंगाऱ्याचे काम वाचले आणि रंगाचे वजनही. छापील साडीसारखे ते कापड पंखावर चढवले की काम झाले. विमानाच्या रंगकामात इतकी शहाणी काटकसर क्वचितच दिसते.

आज लिनन व सुती कापडाची जागा बहुतेक ठिकाणी पॉलिस्टरने घेतली आहे. ते चिकटवून, गरम इस्त्रीने आवळून घेतात. शेवटची इस्त्री साधारण 175 अंश सेल्सिअसची असते. पंखाच्या फासळ्यांना ते दोऱ्याने टाचतात आणि शिवणीवर नागमोडी कडेच्या पट्ट्या बसवतात. टिचकी मारली की डफासारखा आवाज यावा, इतके ते ताणलेले असते. पॉलिस्टर कुजत नाही, पण अतिनील किरण त्यालाही सोसत नाहीत. त्यासाठी पारदर्शक हातांवर ॲल्युमिनियमची बारीक पूड घातलेले चंदेरी हात देतात. हे हात पुरेसे झाले की नाही, ते पाहण्याची पद्धत साधी आहे. अंधार करून पंखाच्या आत पेटता दिवा धरायचा आणि बाहेरून पाहायचे. कुठे उजेड झिरपताना दिसला, तर तिथे चंदेरी थर अपुरा आहे. काही मालक इथेच थांबतात आणि विमान चंदेरीच ठेवतात. हलकेपणाच्या दृष्टीने यापेक्षा चांगला निर्णय नाही.

रंगीत हात याच चंदेरीवर बसतो, आणि खरी अडचण इथे सुरू होते. गडद निळा किंवा हिरवा एक-दोन हातांत चंदेरी झाकून टाकतो. पिवळा आणि लाल मात्र पातळ पडतात. खालचा करडेपणा वर डोकावतो आणि पिवळा मळकट दिसतो. मग आधी पांढऱ्याचा हात द्यायचा आणि त्यावर पिवळा. म्हणजे तेजस्वी रंगाची किंमत वजनात मोजावी लागते.

गंमत अशी, की कापडी विमानांत सगळ्यात ओळखीचे विमान पिवळेच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी बनलेले पायपर जे-3 कब हे ते विमान. बगलेवर विजेसारखी काळी रेघ असलेले. 1947 पर्यंत ते 20,000 च्या आसपास तयार झाले. त्याचे रिकामे वजन सुमारे 345 किलो आणि कमाल वजन 550 किलोच्या जवळपास. दोन धडधाकट माणसे बसली आणि टाकीत 45 लिटर पेट्रोल भरले की हातात वीसेक किलोच उरतात. हौसेने पाच-सहा किलो रंग जास्त चढवला, तर सामानाची पिशवी घरी ठेवावी लागते. ज्या विमानांत सुकाणूचे पृष्ठभाग, म्हणजे विमान वळवणारे व वर-खाली करणारे हलते भाग, बिजागरीभोवती तोललेले असतात, तिथे जादा रंग अधिक धोक्याचा. बिजागरीमागचे वजन वाढले तर वेगात ते पृष्ठभाग फडफडू लागतात. म्हणून रंगकामानंतर त्यांचा तोल पुन्हा तपासतात.

गडद रंग उन्हात तापतो. ग्लासफायबरची ग्लायडर बहुधा पांढरी असतात, ती यासाठीच. उष्णतेने त्यांतली रेझिन मऊ पडते. पॉलिस्टरला इस्त्रीची उष्णता सोसते, त्यामुळे कापडी विमानाला रंगांची मोकळीक जास्त. पण ही मोकळीक फुकट नाही. कापड सगळ्यात आधी थकते ते वरच्या बाजूच्या गडद भागात. कापडाची ताकद तपासणारा म्हणूनच पंखावरची काळी पट्टी किंवा नोंदणीची अक्षरे शोधतो आणि चाचणी तिथे घेतो. ग्रेड ए, म्हणजे विमानासाठीचे ठरावीक प्रतीचे सुती कापड, नवे असताना इंचाला 80 पौंड ताण सोसते. 56 च्या खाली घसरले की उतरवायचे.

चकाकीचाही हिशेब आहे. पॉलियुरेथेनचा रंग आरशासारखा चमकतो, पण कापड लवते तेव्हा कडक थराला तडे जाऊ शकतात, आणि गडद चकाकीत प्रत्येक सुरकुती व फासळी उठून दिसते. व्हिनाइलचे किंवा डोपचे रंग मंद दिसतात. मात्र ठिगळ लावायचे असेल तर जुना थर द्रावकाने विरघळवून नवा त्यात मिसळता येतो. मेटॅलिक छटा दुरुस्तीत कधीच नीट जुळत नाही. इंजिनावरचा पत्रा तर वेगळ्याच रंगाने रंगवतात. त्यामुळे एकाच नंबरची छटा असूनही काही उन्हाळ्यांनंतर नाक आणि अंग वेगळे दिसू लागते. दोन्हींच्या सांध्यावर वेगळ्या रंगाचा पट्टा ओढण्याची जुनी युक्ती यासाठी चांगली.

दिसण्याचा मुद्दाही आहेच. शिकाऊ विमाने पिवळी रंगवण्याची प्रथा अनेक देशांत होती. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश टायगर मॉथचे पोट पिवळे असे, आणि अमेरिकी नौदलाच्या पिवळ्या द्विपंखी विमानांना ‘यलो पेरिल’ (पिवळे संकट) हे टोपणनाव पडले होते. त्यांचा पिवळा शोभेसाठी नव्हता. आत शिकाऊ बसला आहे, जरा लांबून जा, हे इतर वैमानिकांना दुरूनच कळावे, म्हणून तो दिलेला असे.