फुटलेले की फुटणार? एलेन कारेर दांकोस यांच्या ‘भाकिता’ची पार्श्वभूमी

सोव्हिएत संघाच्या फ्रेंच अभ्यासक एलेन कारेर दांकोस ५ ऑगस्ट २०२३ रोजी पॅरिसमध्ये वारल्या, वयाच्या ९४ व्या वर्षी. बहुतेक मृत्युलेखांत एक वाक्य ठरलेले होते: सोव्हिएत संघ कोसळणार हे त्यांनी १९७८ मध्येच सांगितले होते. वाक्य अगदीच खोटे नाही. पण त्यापायी एका कसलेल्या इतिहासकाराला आपण भविष्यवेत्ती करून टाकले आणि तिने खरोखर काय दाखवले ते बाजूलाच राहिले.

सगळा गुंता पुस्तकाच्या नावापासून सुरू होतो. ‘लांपीर एक्लाते’. यातला ‘एक्लाते’ हा शब्द झालेली गोष्ट सांगतो. फुटलेल्या टायरला फ्रेंचमध्ये तो लावतात, विखुरलेल्या कुटुंबालाही लावतात. म्हणजे मराठीत ‘फुटलेले साम्राज्य’ किंवा ‘विखुरलेले साम्राज्य’. ‘फुटणारे’ नव्हे. खाली उपशीर्षक होते, सोव्हिएत संघातील राष्ट्रांचे बंड. १९७९ च्या इंग्रजी आवृत्तीने ‘एक्लाते’ बाजूला ठेवून ‘ऱ्हास’ हा शब्द घेतला, आणि १९९१ नंतर वृत्तपत्रांनी सरळ भविष्यकाळ लावला. लेखिका सांगत होती की आत तडे गेलेले आहेत, बाहेरून एकसंध दिसते एवढेच. कोणत्या साली काय होईल याचे वेळापत्रक त्या पुस्तकात नाही.

तडे दिसले कुठे? जनगणनेच्या तक्त्यांत. १९५९ मध्ये मध्य आशियातले उझबेक सुमारे ६० लाख होते, १९७० मध्ये ९२ लाख. ११ वर्षांत निम्म्याहून जास्त वाढ. त्याच काळात रशियन ११ कोटी ४१ लाखांवरून १२ कोटी ९० लाखांवर गेले, म्हणजे जेमतेम १३ टक्के. हे आकडे गुप्त नव्हते, मॉस्कोनेच छापलेले होते. कारेर दांकोस यांनी त्यांना पुढचे प्रश्न विचारले. उद्या सैन्यात भरती होणारी मुले कुठली असतील आणि त्यांना हुकमाची रशियन भाषा कितपत कळेल? कारखाने उत्तरेत आणि हात दक्षिणेत; मग मध्य आशियातल्या फरगण्याच्या खोऱ्यातला तरुण घर सोडून सायबेरियात जाईल का? तो जात नव्हता. भाषा, लग्ने, सणवार सगळे त्याच्या गावातच राहिले होते. ‘सोव्हिएत माणूस’ नावाचा नवा माणूस घडल्याचा दावा या तक्त्यांपुढे टिकत नव्हता.

निदान इथपर्यंत चोख होते. फूट मात्र दुसऱ्याच बाजूने पडली. डिसेंबर १९८६ मध्ये कझाकस्तानच्या तेव्हाच्या राजधानीत, अल्मा-अता इथे, कझाक तरुण रस्त्यावर आले, कारण त्यांच्या प्रजासत्ताकावर बाहेरचा पक्षप्रमुख आणून बसवला होता. तेव्हा पुस्तक खरे ठरते आहे असेच वाटले असणार. पण पुढची धाव बाल्टिक देशांची होती, आणि तिथे जन्मदर उलट कमी होता. संघ टिकवायचा का, यावरच्या मार्च १९९१ च्या सार्वमतावर बाल्टिक देश, जॉर्जिया, आर्मेनिया, मोल्दोवा यांनी बहिष्कार घातला. मध्य आशियात मात्र ९० टक्क्यांहून जास्त मते संघ टिकवण्याच्या बाजूने पडली. डिसेंबरात संघ मोडल्याचे जाहीर केले ते रशिया, युक्रेन आणि बेलारूस या तीन स्लाव्ह प्रजासत्ताकांनी. कझाकस्तानने सर्वांत शेवटी, १६ डिसेंबरला, स्वातंत्र्य जाहीर केले. टीकाकार हे दाखवतात आणि ते बरोबरच आहे. तरी माझ्या मते मूळ मुद्दा उभा राहतो: त्या काळी बहुतेकांच्या नजरा क्रेमलिनमध्ये कोण कोणाशेजारी उभा आहे यावर होत्या, आणि ही बाई कडेच्या प्रजासत्ताकांकडे पाहत होती.

ही नजर घरातली होती. वडील जॉर्जियन, सोव्हिएत सत्ता आल्यावर देश सोडलेले. आईकडून रशियन-जर्मन सरदार घराणे. १९२९ मध्ये पॅरिसला जन्म, पण नागरिकत्व १९५० मध्ये मिळाले. वडिलांनी युद्धकाळात जर्मनांकडे दुभाषाचे काम केले होते. १९४४ मध्ये ते बोर्दोहून नाहीसे झाले ते कायमचेच. कारेर दांकोस यांनी जपलेली ही गोष्ट त्यांच्या लेखक मुलाने २००७ मध्ये पुस्तकात मांडली. त्यांचा १९६६ चा ग्रंथही मॉस्कोवर नाही, मध्य आशियातल्या बुखाऱ्याच्या मुस्लिम सुधारकांवर आहे. त्याआधी एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी मार्क्सवाद आणि आशिया यांवरच्या दस्तऐवजांचा संग्रह काढला होता. लेनिनशी वाद घालणारे मानवेंद्रनाथ रॉय त्यात भेटतात. आपल्याकडच्या जुन्या रॉयवाद्यांना हा वाद तोंडपाठ असायचा.

नंतरच्या वर्षांत लेनिन, निकोलस दुसरा, कॅथरीन यांची चरित्रे आली आणि वाचक वाढले. १९९४ ते १९९९ त्या युरोपीय संसदेत होत्या. १९९९ मध्ये फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या फ्रेंच अकादमीच्या स्थायी सचिवपदी त्या निवडल्या गेल्या, १६३५ पासूनच्या इतिहासात पहिल्या महिला. पदनाम मात्र त्यांनी पुल्लिंगीच ठेवले. मराठीत ‘सचिव आल्या’ म्हटले की काम भागते. फ्रेंचमध्ये नामाआधीचे उपपदच लिंग सांगते, म्हणून भांडण पेटले. २०१९ मध्ये अकादमीने पदांची स्त्रीलिंगी रूपे मान्य केली, तरी त्या स्वतः बदलल्या नाहीत.

सर्वांत खटकते ते २००५. पॅरिसच्या उपनगरांतल्या दंगलींबद्दल रशियन वाहिनीशी बोलताना त्यांनी आफ्रिकी स्थलांतरितांमधल्या बहुपत्नीत्वाकडे बोट दाखवले. उझबेक खेड्यांबाबत आकडे मोजून बोलणाऱ्या बाईने स्वतःच्या शहराबाबत इतके सैल बोलावे, हे पटत नाही. पुतिन यांच्याबाबत मवाळ राहिल्याचा आरोपही होत राहिला. त्याच काळात, २०१८ पासून, चुलत बहीण जॉर्जियाची राष्ट्राध्यक्ष होती.

अकादमीत निवडून आलेल्याला तलवार मिळते, आणि ती कशी असावी हे ज्याचे त्याने ठरवायचे. कारेर दांकोस यांची तलवार जॉर्जियात जन्मलेल्या सोनाराने घडवली होती.